उमेदवारीचा प्रबंध आणि आंकड्यांची मालकी

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं एक वाद झाला. तो घरापुरताच असता तर त्यास या पानावर जागा देण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु जीवशास्त्राच्या एम्. एस्सी.च्या वर्गांत शिकणारीं मुलें आज पुष्कळ कुटुंबांत आहेत, आणि शेवटचे कांहीं महिने एखाद्या कंपनींत उमेदवारी करून त्या कामावरच प्रबंध लिहिण्याची रीत वाढत चालली आहे. आमच्याकडे जें घडलें तें उद्यां वाचकांच्या घरींहि घडूं शकेल, म्हणून तें येथें सांगतों.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या जिवाणू-खतें तयार करणाऱ्या एका कारखान्यांत उमेदवारीस होती. हरभरा, तूर, सोयाबीन या पिकांच्या मुळांवरील गांठींत रायझोबियम नांवाचे जिवाणू राहतात व हवेंतील नत्र पिकास उपयोगी पडेल अशा रूपांत आणून देतात. कारखान्यांत हे जिवाणू वाढवून लिग्नाइटच्या भुकटींत मिसळतात व पाकिटें भरतात. शेतकरी पेरणीपूर्वीं ती भुकटी बियाण्यास चोळतो. हा माल सजीव आहे. जिवाणू जिवंत असतील तर तें खत, मेले तर नुसती काळी भुकटी. म्हणूनच १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत २००६ सालीं या खतांचा समावेश झाला, तेव्हां भुकटीच्या दर ग्रॅममागें निदान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात असें प्रमाण घालून देण्यांत आलें.

मुलीचें काम असें होतें कीं, निरनिराळ्या दुकानांतून पाकिटें आणावयाचीं व त्यांतील जिवंत जिवाणू मोजावयाचे. कृति जुनीच आहे. एक ग्रॅम भुकटी निर्जंतुक पाण्यांत कालवावी, तें पाणी दहा-दहा पटींनीं पातळ करीत जावें, शेवटीं त्याचा अल्प अंश खाद्य घातलेल्या कांचेच्या बशींत पसरावा, आणि कांहीं दिवसांनीं उमटलेले ठिपके मोजून मूळ संख्येचा हिशेब करावा. कारखान्यांतून निघतांना पाकिटें उत्तम होतीं. पत्र्याच्या छपराखालीं वैशाखाचें ऊन सोसून पडलेल्या कांहीं पाकिटांत मात्र संख्या प्रमाणाच्या पुष्कळ खालीं गेलेली आढळली.

प्रबंध सादर करण्यास महिना उरला असतां मालकांनीं सांगितलें, "हे आंकडे छापूं नका." प्राध्यापक म्हणाले, "आंकड्यांवांचून प्रबंध होत नाहीं." मुलगी दोहोंच्या मध्यें सांपडली.

घरांत अर्थातच दोन पक्ष झाले. बंधूंचें म्हणणें, मालकांस दुखवूं नये, कदाचित् तेथेंच नोकरी मिळेल. पोरीनें यंत्रांचें व कारखान्याचें वर्णन लिहून मोकळें व्हावें. आमच्या मातोश्री हें सारें ऐकत होत्या. त्यांनीं विचारलें, "म्हणजे विरजण मेलेलें, आणि विकत घेणारीला ठाऊक नाहीं, असेंच ना? मग दहीं लागलें नाहीं कीं ती आपल्या दुधाला दोष देणार." जिवाणू-खतावर याहून सोपें व्याख्यान आम्हीं ऐकलेलें नाहीं. पीक बुडालें तर शेतकरीहि आपल्या जमिनीला किंवा नशिबालाच दोष देणार.

परंतु मालकांची बाजूहि विचारांत घेणें अवश्य होतें. त्यांचा माल कारखान्यांतून चांगला निघाला होता. दोष उष्णतेचा व दुकानांतील ठेवणीचा. नांव मात्र त्यांचें जाणार. शिवाय जिवाणूचा वाण आणि भुकटीचें मिश्रण हें त्यांचें अनेक वर्षांचें धन. एखादा शोध प्रबंधांत उघड झाला कीं तो 'नवा' राहत नाहीं, आणि मग त्याचें पेटंट मिळणें कठीण होतें, ही त्यांची भीति अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं.

"काका, तुम्हीच सांगा," असें म्हणून मुलीनें प्रबंधाचा कच्चा खर्डा आमच्यापुढें ठेवला. त्यांत 'स्टूडंटची टी-चाचणी' असा शब्द वारंवार आला होता. थोड्याशा नमुन्यांच्या सरासरींतील फरक खरा कीं योगायोगाचा, हें त्या चाचणीनें ठरवितात. हा 'स्टूडंट' कोण, असें आम्हीं विचारलें, तेव्हां तिला सांगतां आलें नाहीं. त्याची हकीकत मात्र याच प्रसंगाची आहे. विल्यम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डचा पदवीधर १८९९ सालीं डब्लिन येथील गिनेस कंपनीच्या बिअरच्या कारखान्यांत नोकरीस लागला. जवाची परीक्षा थोड्या नमुन्यांवरून करावी लागे, आणि त्या काळचें संख्याशास्त्र मोठ्या संख्यांपुरतें होतें. म्हणून १९०६-०७ मध्यें तो लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे शिकण्यास गेला, व १९०८ सालीं त्यानें आपली पद्धत 'बायोमेट्रिका' या नियतकालिकांत मांडली. नोकरांनीं स्वतःच्या नांवानें लेख छापूं नयेत असा कंपनीचा दंडक असल्यामुळें त्यानें 'स्टूडंट', म्हणजे 'विद्यार्थी', अशी सही केली. उदाहरणें त्यानें कारखान्यांतलीं न घेतां इतरांनीं आधींच प्रसिद्ध केलेलीं घेतलीं: तीन हजार कैद्यांचीं शारीरिक मापें, दहा रोग्यांवर झालेला झोपेच्या औषधांचा प्रयोग, इत्यादि. त्यानें नांव झांकलें व मालकाचें गुपितहि झांकलें. परंतु पद्धत झांकली नाहीं आणि एकहि आंकडा फिरविला नाहीं.

आमच्या मुलीस दुसऱ्यांचे आंकडे घेऊन भागण्यासारखें नव्हतें, कारण तिचा प्रश्नच त्या पाकिटांविषयीं होता. तथापि झांकण्याजोगें काय व न झांकण्याजोगें काय, ही निवड तिला करतां आली. प्रथम उमेदवारीच्या आरंभीं सही केलेला करार शोधला. त्या दिवशीं विद्यावेतनाचा आंकडा पाहून तो कपाटांत ठेवला होता. वाचला कोणीच नव्हता, आम्हींहि नाहीं. त्यांत कंपनीची गुप्त कृति उघड करूं नये, व सादर करण्यापूर्वीं प्रबंध कंपनीस वाचावयास द्यावा, एवढेंच होतें.

मग तिनें खर्डा पुन्हां लिहिला. जिवाणूचा वाण, मिश्रण, किंमती व गिऱ्हाइकें हीं वगळलीं. कारखान्याचें नांव काढलें, दुकानांस क्रमांक दिले. यंत्रांच्या वर्णनाचीं चाळीस पानें चारांवर आणलीं, कारण प्रबंध म्हणजे उमेदवारीची रोजनिशी नव्हे. त्यास एक प्रश्न असावा लागतो. तिचा प्रश्न 'जिवाणू वाटेंत कोठें मरतात?' हा होता. त्याचें उत्तर देणारे आंकडे, दुकानांतील तपमान आणि दिवस हीं सर्व राहिलीं.

मालकांनीं वाचून दोन सूचना केल्या. पाकिटें निघतांना प्रमाणांत होतीं, ही गोष्ट ठळकपणें सांगावी, ही पहिली. ती खरीच होती. तिनें ती परिशिष्टांतून काढून मुख्य प्रकरणांत आणली. दुसरी सूचना अशी कीं, त्यांच्या स्वतःच्या गोदामांतील तीन वाईट पाकिटें गाळावींत. तिनें नम्रपणें लिहिलें कीं, वाईट म्हणून तीन गाळलीं तर उरलेल्या सर्वांवरचा विश्वास जातो. आठ दिवस उत्तर नव्हतें. त्या आठ दिवसांत घरीं कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. नंतर 'हरकत नाहीं' एवढ्याच शब्दांचें पत्र आलें. प्रबंध सादर झाला, तोंडी परीक्षाहि झाली. नोकरीची विचारणा त्या कारखान्याकडून अद्याप आलेली नाहीं, हेंहि लपवीत नाहीं.

वाचकांस आमचें सांगणें इतकेंच. मूल उमेदवारीस निघालें कीं विद्यावेतन किती, हें आपण सर्वजण विचारतों. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी पहिल्याच दिवशीं विचाराव्यात आणि लेखी घ्याव्यात: कोणतें गुपित प्रबंधांत येऊं नये, प्रबंध वाचण्यास कंपनी किती दिवस घेईल, आणि पेटंटचा विचार असल्यास अर्ज केव्हां होणार, तोंवर प्रबंध किती काळ बंद ठेवावयाचा. विद्यापीठाचा याविषयींचा नियमहि मार्गदर्शक प्राध्यापकांकडून तेव्हांच समजून घ्यावा. शेवटच्या महिन्यांत विचारलें तर मालक घाबरतो, प्राध्यापक रागावतो, आणि मुलाला खोटें लिहिण्याचा मोह होतो.

मालकाचें गुपित राखणें हा सचोटीचाच भाग आहे, आणि आढळलेली गोष्ट न फिरवितां लिहिणें हाहि. या दोहोंची सीमा आंखून देण्यास वडील माणसांनीं वेळीं मदत केली, तर आमच्या घरचे ते आठ दिवस दुसऱ्या घरांस काढावे लागणार नाहींत.