बियांची न्याहारी आणि माझी चूक

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. सकाळचे नऊ वाजले असतील. दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली आणि दोघा-तिघांनी एका बाईंना धरून आत आणले. अंगावर घामाच्या धारा, हात थरथरत होते, बोलण्यात संगती नव्हती. बाजारात भाजी विकणाऱ्या या मावशी माझ्या जुन्याच पेशंट. सोबतची बाई कुजबुजली, "डॉक्टर, बाहेरचं काय तरी झालंय." बोटाच्या टोकाचे रक्त तपासले. साखर ४८. गिळता येत होते, म्हणून लगेच ग्लुकोजचे पाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत मावशी माणसात आल्या आणि पहिले वाक्य बोलल्या, "माझी पाटी कुणाकडं हाय?"

पाटी सुखरूप असल्याचे कळल्यावर मी विचारले, "मावशी, सकाळी काय खाल्लं होतं?"

"काय बी न्हाय. तुमीच म्हनला न्हवं, पोहं बंद, साखर बंद, चहात पोळी बुडवून खायची बंद. म्या समदं बंद केलं. गोळी तेवढी घिते आन जाते."

वाचकहो, पंचवीस-तीस वर्षांच्या व्यवसायात रोग्यांनी सल्ला पाळला नाही म्हणून मी अनेकदा चिडलो आहे. त्या दिवशी मात्र रोग्याने माझा सल्ला तंतोतंत पाळला होता, आणि म्हणूनच ती संकटात सापडली होती. काय खाऊ नये याची यादी मी दिली, काय खावे हे सांगितले नाही, आणि गोळीचा डोसही तोच ठेवला. चूक सर्वस्वी माझी होती. आजचा लेख त्या चुकीतून निघाला आहे.

ताटात धान्य किती?

आपला सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा मलाही अभिमान आहे. तेव्हा या जिल्ह्यात बसून 'धान्य सोडा' असे सांगण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण आपल्या दिवसाकडे जरा बघा. सकाळी पोहे नाहीतर उपमा, चहाबरोबर खारी किंवा पाव, दुपारी भाकरी-भात, रात्री पुन्हा पोळी-भात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहार-मार्गदर्शिका काढली, तिच्यानुसार दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत असावा. प्रत्यक्षात तो ५० ते ७० टक्क्यांपर्यंत जातो, असे तीच संस्था सांगते. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या घरात गेले आहेत.

म्हणून माझे मत असे, की सगळे धान्य सोडायचे नाही, पण ज्याला मधुमेह आहे किंवा पोटाचा घेर वाढतो आहे, त्याने दिवसातले एक खाणे बिनधान्याचे करावे. त्यासाठी न्याहारी सर्वांत सोयीची. दुपारच्या भाकरीला हात लावायचा नाही, म्हणजे घरात भांडणही नाही!

'बिनधान्य' म्हणजे काय?

इथे मोठा गैरसमज आहे. उपवासाला धान्य चालत नाही, म्हणून उपवासाचे पदार्थ मधुमेहाला चांगले, असे पुष्कळांना वाटते. आषाढी-कार्तिकीनंतरच्या आठवड्यात दवाखान्यात वाढलेल्या साखरेची रांग लागते ती यामुळेच. साबुदाणा धान्य नाही हे खरे, पण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. वरी तर धान्यच आहे, गवताच्या कुळातले. राजगिरा हे बी असले तरी त्याच्या लाह्या रक्तातली साखर भराभर वाढवतात आणि लाडवात गूळही असतो. गुळाला मधुमेहात साखरेपेक्षा वेगळी वागणूक देऊ नका.

मी म्हणतो त्या बिया म्हणजे जवस, तीळ, कारळे, भोपळ्याच्या बिया आणि शेंगदाणे. शेंगदाणा शास्त्राने कडधान्याच्या कुळातला, पण स्वयंपाकघरात तो यांच्याच पंगतीला बसतो. यातले काही तुम्हाला नवीन आहे का? आपल्याकडे शेंगाची, जवसाची, कारळ्याची चटणी पिढ्यानपिढ्या कुटली जाते. आजवर ती भाकरीच्या कडेला चमचाभर असे. सकाळपुरते तिला ताटाच्या मधे आणायचे, एवढेच.

बाहेरून आलेल्या चियाची आता फार जाहिरात होते. तो वाईट नाही, पण त्यासाठी खिशाला भोक पाडायचे कारण नाही. जवसात त्याच जातीचे ओमेगा-३ स्निग्धाम्ल भरपूर आहे, आणि पाण्यात फुगायला आपला सब्जा आहे.

कृती

एका माणसाला आठवडाभर पुरेल असे प्रमाण देतो. जवस १०० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, तीळ ७० ग्रॅम आणि सोललेल्या भोपळ्याच्या बिया ७० ग्रॅम. तिळाऐवजी अर्धे कारळे घेतले तरी चालतील. सगळे वेगवेगळे मंद आचेवर भाजा. जवस तडतडले की उतरवा, करपू देऊ नका. पूर्ण गार झाल्यावर जाडसर कुटा किंवा मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. चवीला जिरेपूड आणि अगदी थोडे मीठ. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. रविवारी अर्धा तास खर्च केला की आठवड्याची सोय झाली.

जवस न कुटता खाऊ नका. अख्खा दाणा पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. कुटलेला जवस मात्र लवकर खवट होतो, म्हणून एकदम महिन्याचा करू नका. शेंगदाणे निवडून घ्या. काळे, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे फेकून द्या. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने पूर्ण जात नाही.

रात्री नेहमीप्रमाणे विरजण लावा. सकाळी वाटीभर दह्यात हे कूट अर्धी वाटी आणि भिजवलेला सब्जा चमचाभर घालून कालवा. वर काकडी किंवा कोथिंबीर चिरून घाला. दोन मिनिटांचे काम. घरात फ्रिज असेल तर रात्रीच कालवून डबा भरून ठेवा. कूट मुरते आणि चव वाढते. उन्हाळ्यात फ्रिज नसताना मात्र रात्रभर कालवून ठेवू नका, आंबट होते. सब्जा कोरडा कधीच खाऊ नका. तो घशात फुगू शकतो. पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजू द्या.

आता हिशेब. एवढ्या न्याहारीतून साधारण ३८० ते ४०० उष्मांक, १७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि ६-७ ग्रॅम चोथा मिळतो. पिष्ट व शर्करा मिळून १५ ग्रॅमच्या आत. याउलट ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांच्या बशीत ४५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते आणि प्रथिने मोजकीच. फरक लक्षात आला असेल. मात्र बियांत निम्म्याच्या आसपास तेल असते. 'चांगले आहे' म्हणून वाटी-वाटी कूट खाल्ले तर वजन वाढेल, कमी होणार नाही.

सावधगिरी

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुम्ही इन्शुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेत असाल, तर ही न्याहारी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. पिष्ट कमी झाले आणि डोस तोच राहिला तर साखर उतरते. मावशींचे तेच झाले. घाम, थरथर, अचानक भूक, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. साखर ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी दही-बिया उपयोगाच्या नाहीत, कारण त्यांतली साखर थोडी आणि ती रक्तात पोचायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखान्यात न्या.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी परस्पर सुरू करू नये, कारण बियांत फॉस्फरस आणि पोटॅशियम बरेच असते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती उपाशीपोटी घेऊन निदान अर्धा ते एक तास थांबावे. शेंगदाणे किंवा तीळ ज्यांना सोसत नाहीत त्यांनी ते वगळावेत. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत. चोथ्याची सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात दोन चमच्यांपासून सुरुवात करा आणि दिवसभर पाणी पुरेसे प्या, नाहीतर पोट गच्च होईल.

आणखी एक. 'गहू मानवत नाही' असे स्वतःच ठरवून काही जण सगळे धान्य सोडतात. गव्हाच्या ग्लुटेनचा खरा विकार असतो, पण त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधी गहू सोडला तर तपासणी फसवी येऊ शकते. आणि विकार निघालाच तरी ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नसते. भाकरीला दोष देऊ नका.

शेवटी थोडे मनातले

मावशींना मी त्याच दिवशी ही कृती सांगितली, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पहाटं पाचला मला कोन करून देतंय? मीच समद्यांचं करून निघते." हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात नाही. घरातल्या सगळ्यांचे डबे भरून स्वतः उपाशी बाहेर पडणाऱ्या कितीतरी बायका मी रोज तपासतो. त्यांना 'वेळेवर खा' असे सांगणे म्हणजे वेळ नसलेल्याला घड्याळ भेट देणे आहे. आदल्या दिवशी तयार होणारी न्याहारी म्हणूनच मला मोलाची वाटते. आणि कूट कुटायला बाईच लागते असेही नाही. मावशींच्या मुलाला मी बोलावून घेतले, समोर बसवले आणि रविवारचे ते काम त्याच्याकडे दिले. सुरुवातीला जरा लाजला, पण आता करतो.

मावशींची गोळी निम्म्यावर आणली. पहिले काही आठवडे साखर वारंवार तपासली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी तेव्हा ९.१ होती, सहा महिन्यांनी ७.४ आली. सगळे श्रेय बियांना देणार नाही. वेळेवर खाणे, योग्य डोस आणि रोजचे चालणे यांचाही त्यात वाटा आहे. पण त्यानंतर त्यांना तसा झटका आलेला नाही.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. रोग्याला 'हे बंद करा' असे सांगाल, तेव्हा त्याच चिठ्ठीवर 'याऐवजी हे खा' अशी एक ओळ लिहा. आणि ते त्याच्या घरात कोण, केव्हा करणार, हेही विचारा. मी हे शिकलो ते एका भाजीवाल्या मावशींकडून, तेही जरा उशिराच.