कोतोमिलीची जुडी

परगावी गेले की आधी तिथले देऊळ पाहावे, असे आमच्या वडीलधाऱ्यांचे सांगणे असे. त्याला माझी एक पुरवणी आहे : देवळानंतर मंडई पाहावी. गावाचे ते रूप पाहुण्यांसाठी मांडलेले नसते, घरच्या माणसांसाठी असते.

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई. तिथल्या मंडईला लोक ‘बाजार’च म्हणतात, त्यामुळे पत्ता विचारताना फ्रेंचवाचून काही अडले नाही. आत मात्र भाज्या ओळखीच्या आणि नावे अनोळखी! भेंडीला ‘लालो’, कारल्याला ‘मारगोझ’, दोडक्याला ‘पिपांगाय’. विक्रेतीने एक हिरवीगार जुडी पुढे केली आणि म्हणाली, “कोतोमिली.”

“अहो, ही तर आपली कोथिंबीर!” आमची सौ. उद्गारली.

कोथिंबीर आपली खरी, पण नाव तमिळ ‘कोत्तमल्ली’चे. शेजारीच डाळपुरीची गाडी होती. शिजवून वाटलेली डाळ भरलेली पातळ पोळी. पुरणपोळीच म्हणा, फक्त गूळ रुसून गेलेला. सोबत रस्साभाजी नि चटणी, आणि मिळायची ती जोडीनेच.

हे सारे तिथे कसे पोचले, ते बाजारापासून जवळच असलेला आप्रवासी घाट सांगतो. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून लाखो मजूर करारावर या बेटावर नेले गेले. त्यांत आपल्या रत्नागिरीकडची माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी गणपती जपला; तिथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. शाळांतून मराठीही शिकवतात. पण त्या बाजारात भाजीचे एकही मराठी नाव माझ्या कानी आले नाही. मराठीच्या मास्तराला ही गोष्ट लागायचीच. भाषा देव्हाऱ्यात राहिली, पुस्तकात राहिली. टोपलीतून मात्र निसटली.

आणि आपले काय? नाशकात गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात चाकवत, अंबाडी, घोळ, तांदुळजा अजून आपापल्या नावानिशी बसतात. घरात मात्र मुलांच्या लेखी सगळ्याच ‘पालेभाज्या’! त्या मजुरांना शब्द हरवायला समुद्र ओलांडावा लागला. आपल्याला मुलांच्या हाती कधी पिशवीच न देणे पुरेसे आहे.

दिवाळीच्या सुट्टीतला एक बुधवार त्यांच्यासाठी राखून ठेवा. नावे त्यांनाच विचारू द्या. भाजीवाल्या मावशी न कंटाळता सांगतात, आणि वर कढीपत्त्याच्या दोन काड्याही घालतात.