परके ते आपलेसे

दातांवरून मराठीत म्हणींची वाण नाही. दात कोरून पोट भरत नाही, असे आपण कंजूषपणाला बजावतो. आपलेच दात नि आपलेच ओठ, असे म्हणून घरातील तक्रार घरातच गिळतो. आणि दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण तर वार्धक्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा आठवतेच. एकदा गेलेला दात पुन्हा येत नाही, हे या शेवटच्या म्हणीने गृहीत धरलेले आहे. पिढ्यानपिढ्या ते खरेही होते. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मात्र ते पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. आणि केवळ दातांच्याच बाबतीत नव्हे, तर डोळ्यातील भिंग, खुब्याचा व गुडघ्याचा सांधा, हृदयाची झडप यांच्याही बाबतीत राहिलेले नाही. तरीही आपल्या घरांतून ‘आता या वयात कशाला?’ हा प्रश्न पूर्वीसारखाच ऐकू येतो. तो विचारणारे बहुधा स्वतः वडीलधारेच असतात, आणि तो ऐकून पुढची पिढी कळत-नकळत सुटकेचा निःश्वास टाकते. म्हणून या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अगत्याचे वाटते.

गेलेला अवयव परत मिळावा ही इच्छा फार पुरातन आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेची कथा येते. युद्धात तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी पाय दिला, असे तेथे म्हटले आहे. यावरून आपल्या पूर्वजांना सर्व शस्त्रक्रिया अवगत होत्या, असे अनुमान काढण्याचा मोह काहींना होतो. तो आवरलेला बरा. ही कथा इच्छेचा पुरावा आहे, कारागिरीचा नव्हे. कारागिरीचा पुरावा हवा असेल तर तो आपल्या पुण्याजवळच सापडतो. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाची हकीकत छापून आली. तिसऱ्या म्हैसूर युद्धात तो इंग्रजी सैन्याच्या बैलांवर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक व एक हात तोडला. पुढे पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतील कारागिराने त्याच्याच कपाळावरील कातडी वळवून त्याला नवे नाक घडवून दिले, आणि दोन इंग्रज डॉक्टरांनी ते समक्ष पाहिले. ही हकीकत वाचूनच प्रेरित झालेल्या कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया करून दाखविली.

या हकीकतीत नाकाचे कौतुक सर्वांनी केले. हाताविषयी कोणी काही बोलत नाही. कावसजीला नाक मिळाले, हात मिळाला नाही. नाकासाठी त्याच्याच देहातील कातडी उसनी घेता आली. हातासाठी उसने घेण्याजोगे त्याच्या देहात काहीच नव्हते. दाताचे, भिंगाचे, सांध्याचेही तसेच आहे. तेथे बाहेरची वस्तूच आणावी लागते, आणि बाहेरची वस्तू शरीर सहजासहजी खपवून घेत नाही. पायात बारीकसा काटा मोडला तरी भोवतालचा भाग सुजतो, ठणकतो, पू धरतो आणि शेवटी काट्याला बाहेर लोटतो. ज्या गुणामुळे आपण जगतो, तोच गुण कृत्रिम अवयवाच्या आड येतो. देह कोणती परकी वस्तू आपलीशी करील, हाच खरा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर अनेकदा दुसऱ्याच कशाचा तरी शोध घेताना हाती लागले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांच्या कक्षेचे पारदर्शक आवरण फुटून त्याच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. हे आवरण काचेचे नसून पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे असे. हॅरोल्ड रिड्ली या नेत्रतज्ज्ञाच्या ध्यानात आले की, या कपच्या डोळ्यात राहूनही डोळा लाल होत नाही, चिडत नाही. त्याच पदार्थाचे भिंग बनवून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात एका रुग्णाच्या डोळ्यात बसविले. तोवर मोतीबिंदू काढल्यावर जाड भिंगाचा चष्मा नाकावर आला की जन्माचा सोबती होई. रिड्लींच्या समव्यवसायी मंडळींनी या धाडसाला वर्षानुवर्षे कडाडून विरोध केला. आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हटली की भिंग बसविणे आलेच.

याच सुमारास, १९५२ मध्ये, स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टिटॅनियम धातूची एक बारीकशी नळकांडी हाडात बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती काढू गेले तो निघेना. हाडाने तिला घट्ट धरून ठेवले होते. टिटॅनियमला हवा लागताच त्याच्या पृष्ठभागावर स्वतःच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो, आणि या थराशी हाडाच्या पेशी वैर धरीत नाहीत. उलट त्याला बिलगून नवे हाड घडवितात. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली गॉस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टिटॅनियमचे खुंट बसवून त्यावर दात उभे केले. २००६ साली लार्सन यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, ते कामास आले. तरीही जगाने ही पद्धत मान्य करण्यास १९८२ ची टोरांटो येथील परिषद उजाडावी लागली.

पदार्थाची निवड चुकली तर काय होते, हे खुब्याच्या सांध्याने शिकविले. इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. टेफ्लॉन गुळगुळीत, म्हणून सांधा सुरेख फिरे. पण काही वर्षांतच ते झिजू लागले आणि त्याचे बारीक कण भोवतालच्या भागाला चिडवू लागले. चार्नली यांनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन त्याची खातरजमा केली. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी अधिक चिवट अशा पॉलिएथिलीनची वाटी वापरण्यास आरंभ केला, आणि तेव्हा कोठे खुब्याचा सांधा टिकाऊ झाला.

आता पुन्हा दातांकडे वळू. दंतरोपणात जबड्याच्या हाडात टिटॅनियमचा स्क्रू बसवितात. बहुधा तीन ते सहा महिने त्याला हाडात रुजू देतात आणि मग त्यावर दाताची कॅप चढवितात. ही मधली प्रतीक्षा अनेकांना जाचते. पण रुजण्याला वेळ हा लागतोच. कवळीपेक्षा याचा एक मोठा लाभ असा की, दात गेल्यावर निरुपयोगी झालेले जबड्याचे हाड हळूहळू झिजत जाते, त्या झिजेला येथे पुष्कळसा आळा बसतो. मात्र हा दात खऱ्या दाताची हुबेहूब प्रतिकृती नव्हे. नैसर्गिक दात हाडात सूक्ष्म तंतूंच्या झोळीत झुलत असतो. भाकरीत खडा आला की तेच तंतू क्षणार्धात सूचना देतात. रोपण केलेल्या दाताला ही झोळी नसते. त्याला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतालची हिरडी व हाड मात्र रोगग्रस्त होऊ शकते.

दातांचा उपयोग केवळ चघळण्यापुरता मानणे योग्य नव्हे. आपल्या व्याकरणाने त, थ, द, ध, न, स या वर्णांना ‘दंत्य’ असे नाव दिले, ते उगाच नाही. चाक, जग, झाड या शब्दांतील च, ज, झ तर दंततालव्य, म्हणजे जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून उच्चारावयाचे. हिंदीभाषक प्रदेशात वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना हा उच्चार शाळेत ऐकू येत नाही, बाजारात येत नाही. तो घरात, आणि घरातही बहुशः आजी-आजोबांच्याच तोंडून कानी पडतो. ज्या आजीचे दात गेले आहेत व जिची कवळी डबीत पडून आहे, ती गोष्ट सांगायला संकोचते, चार माणसांत तोंडावर पदर घेते, पंगतीला बसणे टाळते. एका दाढेपायी मराठी बुडते असे माझे म्हणणे नाही. पण घरातील सर्वांत शुद्ध मराठी बोलणारी व्यक्ती गप्प होत चालली, तर ती हानी केवळ तिच्या एकटीची नसते.

येथेच ‘आता या वयात कशाला?’ या प्रश्नाचा समाचार घेणे भाग आहे. केवळ वय हे रोपणाच्या आड येत नाही. आड येतात ते काही रोग आणि काही सवयी. आणि हा प्रश्न पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या बाबतीत अधिक सहजतेने विचारला जातो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आजोबांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला की वर्तमानपत्र वाचता येत नाही म्हणून घर हालते; आजीच्या डोळ्यात उतरला की ‘तांदूळ निवडायला सूनबाई आहेच’ असे म्हणून वर्ष-दोन वर्षे जातात. गुडघ्यांचेही तेच. स्वतःहून न मागणे हा आपल्याकडे स्त्रीचा गुण मानला गेला आहे. त्या गुणाचा आपण फायदा तर घेत नाही ना, हे प्रत्येक घराने तपासावे.

खर्चाचा प्रश्न खराच आहे. पण त्याही बाबतीत काही गोष्टी ठाऊक असाव्यात. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी संलग्न असलेल्या ‘ऑरोलॅब’ने १९९२ पासून डोळ्यातील भिंगे देशातच बनविली आणि आयात भिंगांच्या तुलनेत त्यांची किंमत फारच खाली आणली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे नमुने फसल्यावरही हिंमत न सोडता हृदयाची कृत्रिम झडप तयार केली; ती ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा रुग्णाला बसविण्यात आली. २०१७ साली केंद्र सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या व गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. दंतरोपण मात्र मध्यमवर्गीय घराला आजही विचारात पाडते. परंतु सगळेच दात रोवले पाहिजेत असे नाही. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत दिले की, खालच्या जबड्यात एकही दात न उरलेल्या माणसाला दोन खुंटांवर बसणारी कवळी हा पहिला पर्याय असावा. खालची कवळी सैल होऊन सारखी उचलली जाते, ही तक्रार त्याने दूर होते. आणि चांगली बसलेली साधी कवळी हीदेखील काही कमीपणाची गोष्ट नव्हे.

दुसऱ्या टोकाचा भ्रमही टाळला पाहिजे. पैसे मोजले, अवयव बसला, काम संपले, असे येथे होत नाही. देह परक्याला आपलेसे करतो ते अटींवर. तंबाखू, गुटखा आणि आपल्याकडील कित्येक स्त्रियांची मशेरी यांनी हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो व रोपण सैल होण्याचा धोका वाढतो. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम भरत नाही. अस्थिक्षयासाठी घेतली जाणारी काही औषधे जबड्याच्या हाडाला अपाय करू शकतात, म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध दंतवैद्याला आधीच सांगावे. रोवलेला दातही रोज घासावाच लागतो. हृदयात पेसमेकर बसविलेला जगातील पहिला रुग्ण, आर्ने लार्सन, याचे उदाहरण येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्टॉकहोम येथे ८ ऑक्टोबर १९५८ रोजी बसविलेले त्याचे पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. त्यानंतर आयुष्यभरात त्याला एकूण सव्वीस यंत्रे लागली, आणि २००१ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, तो निवर्तला. मधली त्रेचाळीस वर्षे त्याला मिळाली ती यंत्रे वेळोवेळी बदलली गेल्यामुळे.

एक व्यावहारिक सूचना करून हे लेखन आवरतो. २०१० साली एका मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीने आपले धातूवर धातू फिरणारे खुब्याचे सांधे दोषी ठरल्याने जगभरातून परत मागविले. ते ज्यांच्या शरीरात बसविले होते अशा भारतातील कित्येक रुग्णांचा पुढे थांगपत्ताच लागेना, कारण कोणता सांधा कोणाला बसविला याची नीट नोंद नव्हती. म्हणून घरातील कोणाच्याही शरीरात भिंग, सांधा, झडप, स्टेंट किंवा दाताचा खुंट बसविला गेला, तर त्याचे नाव, क्रमांक व तारीख असलेले कार्ड किंवा चिकटपट्टी रुग्णालयाकडून हक्काने मागून घ्यावी. लग्नपत्रिका आणि जन्मपत्रिका आपण ज्या ट्रंकेत पिढ्यानपिढ्या जपल्या, त्याच ट्रंकेत हा कागदही ठेवावा. आणि या महिन्यात एखाद्या दिवशी घरातील ज्येष्ठांना, विशेषतः माउलीला, जवळ बसून विचारावे की, काय चावता येत नाही, काय दिसत नाही, कोठवर चालवते. पहिल्या वेळी ‘काही नाही रे’ असे उत्तर येईल. तेव्हा दुसऱ्यांदा विचारावे.