विश्लेषण : तंबाखू थुंकली, तरी रक्तात काय उरते?

तंबाखू म्हटले की तोंडाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग डोळ्यांसमोर येतो. पण गाठ दिसण्याच्या कितीतरी आधी रक्तपेशींतील डीएनएची मोडतोड सुरू झालेली असते. ती कशी होते, कशी मोजतात आणि तंबाखू सोडल्यावर भरून निघते का?

नुकसान कोणत्या पेशींत?
परिपक्व तांबड्या पेशींत केंद्रक नसते. त्यामुळे तपासल्या जातात त्या पांढऱ्या पेशी, विशेषतः लिम्फोसाइट. शरीरभर फिरणाऱ्या या पेशींपैकी काही वर्षानुवर्षे जगतात. म्हणूनच त्यांच्यावर तंबाखूच्या खुणा साठत जातात.

थुंकले तरी धोका का?
तंबाखूतील नायट्रोसामाइन तोंडाच्या अस्तरातून आणि गिळलेल्या रसातून रक्तात उतरतात. त्यांना बाहेर टाकण्यासाठी शरीर त्यांच्यावर प्रक्रिया करते; त्यातूनच डीएनएला चिकटणारे रेणू तयार होतात. बिडी-सिगारेटच्या धुरात बेंझीनही असते. ते थेट अस्थिमज्जेला, म्हणजे रक्त तयार होते त्या जागेलाच इजा करते. धूम्रपानामुळे मायलॉइड ल्युकेमियाचा, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मोजतात कसे?
लिम्फोसाइट प्रयोगशाळेत वाढवल्या जातात. विभाजनाच्या वेळी गुणसूत्राचा तुटलेला तुकडा मागे राहिला, तर त्याचे वेगळे इवलेसे केंद्रक बनते. अशा सूक्ष्मकेंद्रकांची संख्या मोजली जाते. ‘कॉमेट’ चाचणीत विद्युतप्रवाहामुळे तुटलेला डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा पसरतो. मात्र वय, किरणोत्सर्ग आणि कामावरची रसायने यांमुळेही हे आकडे वाढतात. त्यामुळे या चाचण्या मुख्यतः गटांच्या तुलनेसाठी उपयोगी आहेत. एखाद्याला कर्करोग होणार की नाही, हे त्या सांगत नाहीत.

महाराष्ट्राला चिंता का?
२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करत होते. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण मळलेली तंबाखू, मावा, विदर्भातला खर्रा आणि दातांना लावायची मिश्री सुटलेली नाही. धूर नाही म्हणजे धोका कमी, हा समज इथेच घातक ठरतो. मावा-खर्ऱ्यातील सुपारीही स्वतंत्रपणे कर्करोगकारक आहे.

सोडल्यावर काय?
स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांना धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या रक्तपेशींतून ‘वाय’ गुणसूत्र नाहीसे होण्याचे प्रमाण जास्त आढळले. धूम्रपान सोडलेल्यांत मात्र ते कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास होते. हे संशोधन ‘सायन्स’च्या जानेवारी २०१५ च्या अंकात प्रसिद्ध झाले. कायमचे झालेले सगळे जनुकीय बदल पुसले जात नाहीत. पण रोजची नवी भर थांबते आणि दुरुस्तीला वाव मिळतो. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ असून हा कॉल मोफत आहे.