चटका न जाणवणाऱ्या हातासाठी एक तास

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
प्रसार भारती, नवी दिल्ली



भिलाईच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रात कटिंग-वेल्डिंग करणाऱ्याच्या हातावर ठिणग्यांचे डाग असायचेच. ठिणगी पडली की हात झटकायचा आणि पुन्हा कामाला लागायचे, हे पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडते. पण कधी एखाद्याच्या मनगटावर ठिणगी पडते, कातडी भाजते, आणि त्याला पत्ताच नसतो. शेजारचा ओरडतो तेव्हा तो खाली बघतो. सोबतचे त्याच्या काटकपणाचे कौतुक करतात. प्रत्यक्षात त्या जागेची संवेदना गेलेली असू शकते. आणि बधिर झालेला फिकट किंवा लालसर चट्टा ही कुष्ठरोगाची सर्वांत ठळक खूण आहे.

त्याला मनातून शंका आलेली असते. तो सांगत मात्र कुणालाच नाही. ठेकेदाराला सांगावे तर उद्या गेटच्या आत घेतील का, ही धास्ती. दवाखान्यात जावे तर रांगेत मागे-पुढे आपल्याच बस्तीतली माणसे. बायकोला सांगावे तर ती माहेरी निघून जाईल. ही भीती त्याच्या मनाचे खेळ म्हणून झटकून टाकता येणार नाही. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे या देशाच्या विवाह कायद्यांत घटस्फोटाचे कारण होते आणि ते वगळायला २०१९ साल उजाडावे लागले. असा माणूस मग भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.

हे पत्र अशा माणसांसाठी आहे. कुष्ठरोग, मूळव्याध, अंडवृद्धी, गर्भाशय खाली सरकणे, लघवी न थांबणे, अंगावरून पांढरे जाणे, अंथरुणातली अडचण अशी दुखणी वर्षानुवर्षे अंगावर काढणारी ही माणसे आहेत.

घरात जे ओठांवर येत नाही ते लोक टीव्हीवर कसे सांगतात, याचे अनेकांना नवल वाटते. ब्रिटनच्या ‘चॅनल फोर’वर २००७ पासून काही वर्षे ‘एम्बॅरसिंग बॉडीज’ हा कार्यक्रम चालला. पहिल्या वर्षी त्याचे नाव ‘एम्बॅरसिंग इलनेसेस’ होते. माणसे त्यात कॅमेऱ्यापुढे कपडे उतरवून आपली दुखणी दाखवत. त्यांना प्रसिद्धीची हाव आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे कारण नव्हे. लाजेला ओळखीचे डोळे लागतात. टीव्हीसमोरच्या लाखो लोकांपैकी कुणी उद्या चहाच्या टपरीवर भेटणार नसते, बस्तीतली दहा माणसे मात्र रोज भेटतात. शिवाय टीव्हीवर समोर बसलेला तज्ज्ञ ऐकून घेतो, वेळ देतो, आणि त्याला किळस आलेली दिसत नाही. सरकारी दवाखान्याच्या दोन मिनिटांच्या तपासणीत ज्याला ‘काही नाही, मलम लाव’ एवढेच ऐकायला मिळाले, त्याला या ऐकून घेण्याची किंमत कळते. आणि आपल्यासारखेच दुखणे सोसणारा आणखी कुणी कुठेतरी ऐकत असेल, त्याला बरे वाटेल, हेही बोलणाऱ्याच्या मनात असते.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. शेजाऱ्याला किंवा घरच्या वैद्याला विचारता येत नव्हते ते वाचक त्यांना पत्राने विचारत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवून १९३४ साली त्यांच्यावर खटला भरला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. तरीही मासिक त्यांनी १९५३ पर्यंत चालवले. विचारणाऱ्याला खरे उत्तर मिळालेच पाहिजे, हा तो आग्रह होता, आणि सार्वजनिक प्रसारकाने तो वारसा आपला मानला तर कुणाचे काही बिघडणार नाही.

नामवंतांनी बोलण्याचाही उपयोग होतो. अमिताभ बच्चन यांनी २०१४ साली मुंबईत क्षयरोगविरोधी मोहिमेच्या वेळी जाहीर सांगितले की, २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू होत असताना त्यांना क्षयरोग झाला होता. पण ते बरे झाल्यावर बोलले, आणि त्यांची रोजी कुणाच्या गेटपासवर अवलंबून नव्हती. हथखोजचा मजूर त्यांचे कौतुक करील. स्वतः पुढे येण्यासाठी त्याला त्याच्यासारख्याच कुणाचा तरी आवाज ऐकावा लागेल. ‘मी रोलिंग मिलमध्ये काम करतो, मला हे झाले होते, गोळ्या पूर्ण केल्या, आता कामावर आहे,’ एवढी दोन वाक्ये पुरतील.

अशा आवाजाचे बळ छत्तीसगडने पाहिलेले आहे. भिलाईवरूनच जाणाऱ्या हावडा-मुंबई लोहमार्गावर चांपा आहे. सदाशिवराव कात्रे हे रेल्वेत नोकरी करणारे मराठी गृहस्थ स्वतः कुष्ठरुग्ण होते. दुखणे लपवत आयुष्य काढण्याऐवजी त्यांनी १९६२ साली तिथे भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा केला. अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट १९७२ मध्ये तिथे आले आणि जन्मभर राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

देशाने २००५ च्या अखेरीस कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नसल्याचे जाहीर केले. दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, हा त्याचा निकष. छत्तीसगडमधले प्रमाण त्यानंतरही अनेक वर्षे या निकषाच्या वर राहिले. औषध फुकट आहे. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यायचे असते आणि ते सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका झपाट्याने संपतो. उशीर होतो तो तोंड उघडायला, आणि त्या उशिरात बोटे वाकडी होतात.

बोलायला जागा नसली की माणूस भिंती वाचतो. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’, ‘नामर्दी’, ‘अंडवृद्धी बिना ऑपरेशन’ अशी अक्षरे रंगवलेली असतात. नपुंसकत्व, अंडवृद्धी, पांढरे कोड, कुष्ठरोग यांवरच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही लाजेच्या बाजारात सर्वांत मोठा आवाज भोंदूंचा आहे, कारण समोर दुसरा आवाजच नाही.

तो आवाज आपण एकदा दिला होता. २००२ साली दूरदर्शनने ‘कल्याणी’ ही आरोग्यविषयक मालिका सुरू केली. छत्तीसगडसह ज्या राज्यांत आरोग्याची स्थिती बिकट होती तिथल्या केंद्रांनी ती तिथल्या माणसांना घेऊन केली, आणि गावोगाव प्रेक्षकांची ‘कल्याणी क्लब’ उभे राहिले. त्याच साली बीबीसीच्या साथीने दूरदर्शनवर आलेल्या ‘जासूस विजय’चा नायक एचआयव्हीबाधित होता आणि तरीही नायकच होता. हे सगळे आपल्याच पडद्यावर घडून गेले आहे.

म्हणून मागणी अशी की, रायपूर केंद्रावर हिंदी आणि छत्तीसगडीत आणि सह्याद्री वाहिनीवर मराठीत, आठवड्यातून एक तास फक्त लाजेच्या दुखण्यांसाठी ठेवावा. बोलणाऱ्याचे नाव, गाव, चेहरा दाखवू नये, आवाजही बदलावा. ज्याला उघड बोलायचे असेल त्याला पुन्हा विचारून, लेखी संमती घेऊनच दाखवावे, आणि नंतर त्याचे मन बदलले तर ते चित्रण परत लावू नये. किंकाळीचे संगीत, रडणाऱ्या चेहऱ्याचा क्लोजअप असले काहीही नको. कार्यक्रम संपल्यावर फोन करणाऱ्याला जवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव आणि तिथे भेटणाऱ्या माणसाचा नंबर मिळाला पाहिजे, नाहीतर त्याच्याकडून फक्त गुपित घेतल्यासारखे होईल.

आणि हक्काची माहिती द्यावी. कर्मचारी राज्य विमा योजनेत क्षयरोग आणि कुष्ठरोग यांसह ३४ दीर्घ आजारांसाठी, अटी पूर्ण होत असतील तर, सरासरी मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. दुखणे लपवणाऱ्या मजुराला आपले नुकसान कळण्यासाठी ही एक ओळ पुरेशी आहे. ती त्याला कुणी सांगितलेलीच नाही.

हा तास रात्री नऊच्या सुमारास असावा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे पुनःप्रक्षेपण जरूर करावे, कारण रात्रपाळीचा कामगार घरी असतो तो तेव्हाच.

आपला,
हथखोजमधला एक मराठी प्रेक्षक