आराखडा दिल्लीत, शाळा वस्तीत

वाचकहो, आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. परंतु ज्यांच्या घरात शाळेत जाणारे मूल आहे, त्या प्रत्येक आईबापाचा तो आहे. देशाच्या शिक्षणाचा आराखडा कोण तयार करते? आपण सहज म्हणतो, शिक्षणमंत्री. मंत्री घोषणा करतात हे खरे. सचिव टिपणीवर सही करतात हेही खरे. पण त्या टिपणीसोबत जी कोष्टके जोडलेली असतात, ती मांडणारा माणूस पुष्कळदा तिसराच असतो. त्याला सल्लागार म्हणतात. तो आपल्या मतावर निवडून येत नाही. आपल्या वस्तीत त्याला कोणी पाहिलेले नसते. तरीही आपल्या मुलांची शाळा कोठे राहील आणि कोठे राहणार नाही, याची पहिली आकडेमोड त्याच्या टेबलावर होते.

मी कारकुनी पेशातला माणूस. फाइल कशी पुढे सरकते हे रोज पाहतो. एक गोष्ट अनुभवाने सांगतो. कोष्टकात ज्या गोष्टीला रकाना नाही, ती गोष्ट साहेबांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. म्हणून आराखड्यातील आकडे पाहण्याआधी रकाने कोणते आहेत, ते पाहावे.

या सल्लागारीचा इतिहास थोडक्यात पाहू. शिक्षणविषयक सल्ला देण्यासाठी केंद्र सरकारने १९८१ साली ‘एज्युकेशनल कन्सल्टंट्स इंडिया लिमिटेड’ नावाची आपलीच एक कंपनी काढली. ‘एडसिल’ म्हणून ती ओळखली जाते. पुढे १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. जागतिक बँक व इतर परदेशी साहाय्यातून येणारा ८५ टक्के वाटा केंद्राने द्यायचा आणि १५ टक्के राज्याने, अशी त्याची रचना होती. ज्या जिल्ह्यांत स्त्रियांची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी, ते जिल्हे आधी निवडायचे, असे ठरले. आपल्याकडे मराठवाड्यातील जिल्हे त्यात प्रथम आले. या कार्यक्रमाबरोबरच प्रत्येक शाळेची माहिती एकाच नमुन्यात गोळा करण्याची पद्धत सुरू झाली. आज शिक्षक ज्याला ‘युडायस’ म्हणतात, त्या माहितीचे मूळ तेथे आहे.

त्यानंतर सर्व शिक्षा अभियान आले आणि २०१८ साली समग्र शिक्षा. दरवर्षी राज्याने वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक तयार करायचे, ते दिल्लीतील प्रकल्प मान्यता मंडळापुढे ठेवायचे, मंडळाने काही मान्य करायचे, काही कापायचे, अशी ही रीत आहे. ही कागदपत्रे तपासण्यासाठी केंद्राच्या मदतीला एडसिलमार्फत तांत्रिक साहाय्य गट नेमलेला असतो. २०२० मध्ये जागतिक बँकेच्या ५० कोटी डॉलरच्या कर्जासह ‘स्टार्स’ नावाचा प्रकल्प मंजूर झाला. एकूण खर्च ५,७१८ कोटी रुपयांचा. त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात पैसा मिळण्याची रीतही वेगळी होती. ठरवून दिलेली उद्दिष्टे गाठली की रक्कम सुटणार. म्हणजे उद्दिष्ट कोणते धरले, यालाच सर्वांत जास्त महत्त्व आले.

सल्लागार म्हणजे सगळा वाईटच कारभार, असे मी म्हणणार नाही. स्त्रियांची साक्षरता हा निकष धरून जिल्हे निवडणे, ही चांगलीच गोष्ट झाली. शाळाशाळांची माहिती छापील कोष्टकात आली, म्हणून तर आज आपण कोठे स्वच्छतागृह नाही, कोठे शिक्षक कमी आहेत, हे बोट ठेवून सांगू शकतो. अंदाजपंचे कारभारापेक्षा आकड्यांचा कारभार बरा. तक्रार आकड्यांबद्दल नाही. कोणाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते आकडे मांडले, याबद्दल आहे.

एक उदाहरण घेऊ. २०१७ साली नीती आयोगाने ‘साथ’ नावाचा उपक्रम झारखंड, मध्य प्रदेश आणि ओडिशा या तीन राज्यांबरोबर हाती घेतला. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप ही जगभर उद्योगांना सल्ला देणारी कंपनी आणि पिरामल फाउंडेशन हे त्यातील सहकारी. त्या उपक्रमातील एक मोठे काम म्हणजे कमी पटाच्या व जवळजवळच्या शाळा एकत्र करणे. मध्य प्रदेशात सुमारे ३६ हजार, झारखंडात चार हजारांहून अधिक आणि ओडिशात दोन हजारांच्या आसपास शाळा अशा एकत्र आल्या. मध्य प्रदेशात एकाच आवारातल्या शाळा जोडून एका मुख्याध्यापकाच्या हाताखाली आणल्या गेल्या. एका आवारातील दोन शाळा एक झाल्या, तर मुलाला पाऊलभरही जास्त चालावे लागत नाही. त्याला कोण विरोध करील? पण एका पाड्यावरची शाळा उचलून दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळली, तर ती वेगळी गोष्ट आहे. दोन्हींना कागदावर नाव एकच: एकत्रीकरण. आपल्याकडचा सरकारी शब्द आणखी गोड आहे: समायोजन.

महाराष्ट्रातही हे वारे आले. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळांचे समायोजन जाहीर झाले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला, तेव्हा अशा शाळांची संख्या १४ हजारांच्या वर निघाली. त्या कोठे आहेत, हे कोणाला सांगायला नको. डोंगरावरची वाडी, धरणापलीकडचा पाडा, गावकुसाबाहेरची वस्ती, तांडा. जेथे घरे थोडी तेथे पट थोडा.

आता हिशेब पाहू. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून हिशेबानेच बोलतो. सल्लागार म्हणतो, बारा मुलांसाठी दोन शिक्षकांचा पगार, इमारतीची दुरुस्ती, पोषण आहाराची भांडी. दर मुलामागे खर्च फार पडतो. शिवाय दोन शिक्षकांनी पाच इयत्ता सांभाळायच्या, त्यात मुलांचेच नुकसान. या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मान्य केले पाहिजे. परंतु खर्चाच्या बाजूला सरकारचा खर्च लिहिला, तसा आईबापाचा खर्च कोणी लिहिला? समग्र शिक्षेत दूरच्या मुलाला येण्याजाण्यासाठी वर्षाला ६ हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षात शाळेचे दिवस किमान २००. भागाकार करा. दिवसाला ३० रुपये, म्हणजे जायला १५ आणि यायला १५. ते हातात वेळेवर पडले असे धरले, तरी पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की जीप येत नाही. मग मजुरीवर जाणारी आई मुलीला सोडायला जाईल की कामावर जाईल? एक दिवसाची मजुरी बुडाली तर ती कोणत्या रकान्यात लिहायची? आणि आठवीच्या आत घरी बसलेली मुलगी कोणत्या खात्यात नावे टाकायची? शाळा एकत्र झाली की पट वाढलेला दिसतो. वाटेत गळालेले मूल त्या पटावर नसतेच. ताळेबंद जुळतो, मूल मात्र हरवते.

हा प्रश्न आज निघालेला नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. तेही त्या काळचे शिक्षणाच्या आराखड्याचेच काम होते. जोतीरावांना त्यासाठी कोणी मानधन दिले नव्हते. त्यांनी स्वतः शाळा चालवल्या होत्या, म्हणून उच्च शिक्षणावर होणारा खर्च आणि शेतकऱ्याच्या मुलाला मिळणारे शिक्षण यांतील तफावत त्यांनी आयोगापुढे मांडली. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षकांचे पगार वाढवावेत, असे सांगितले.

मार्च १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. आपल्या कार्यकर्त्यांनी ते एकदा तरी वाचावे. सरकार दरडोई शिक्षणावर १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत १८ च पोहोचतात, हेही सांगितले. आकडे सरकारी, प्रश्न बाबासाहेबांचा. सरकार विचारत होते, किती मुले शाळेत घातली? बाबासाहेब विचारत होते, त्यांतली किती पुढे पोहोचली? एवढ्या एका प्रश्नाने सगळ्या अंदाजपत्रकाचा अर्थ बदलला.

मग आज आपण काय करायचे? मोर्चे, निवेदने हवीतच. परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आपल्या हातात एक साधन दिले आहे आणि ते आपण वापरत नाही. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा आहे. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते, आणि सरकारने व स्थानिक प्राधिकरणाने करावयाच्या योजना व अनुदानांचा आधार तोच आराखडा असावा, असे कायदा म्हणतो. म्हणजे कायद्याने पाहिले तर देशाच्या आराखड्याचा पहिला सल्लागार आपल्या वस्तीतली आई आहे. प्रत्यक्षात काय होते? समितीची सभा कागदावर भरते, इतिवृत्ताच्या वहीवर घरोघरी सही नाहीतर अंगठा घेतला जातो आणि आराखडा गेल्या वर्षीचाच उतरवला जातो.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या गावच्या, वॉर्डाच्या शाळेत कोण सभासद आहे, याची चौकशी करा. आपली एक तरी भगिनी त्यात असू द्या आणि ती सभेला जाईल हे पाहा. त्या दिवशी तिची मजुरी बुडत असेल तर मंडळाने ती भरून द्यावी. युडायसची माहिती भरली गेली की मुख्याध्यापकांकडे ती पाहायला मागा. शिक्षकांवर संशय म्हणून नव्हे. पुष्कळदा त्यांनाही आपला पाठिंबा हवा असतो. पटावर किती, रोज हजर किती, सहा ते चौदा वयाची घरी बसलेली किती, एवढे तीन आकडे वस्तीतल्या सुशिक्षित तरुणांनी घरोघर जाऊन स्वतः लिहावेत. ते आराखड्यात घालावेत आणि सभेच्या इतिवृत्तात नोंदवावेत. शाळा हलवण्याचे पत्र आले, तर हीच नोंद कामी येते. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका.

आपल्या समाजात आता वकील आहेत, लेखापाल आहेत, बँकेतले, मंत्रालयातले लोक आहेत. त्यांनी महिन्याचा एक रविवार एखाद्या वस्तीच्या शाळेच्या आराखड्याला द्यावा. दिल्लीतील सल्लागाराला त्याच्या कामाचे शुल्क मिळते. ते त्याला मिळो. आपल्या मुलांच्या वतीने हिशेब तपासणारा मात्र कोणी नेमलेला नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल. येत्या रविवारी विहारातील सभा संपली की दहा मिनिटे थांबा आणि एवढेच विचारा: आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे?