यंत्राचे भय आणि यंत्राची विद्या

कृत्रिम बुद्धिमत्ता कारकुनाची खुर्ची राखील की हिरावून घेईल, ही चर्चा आज नांदेड-लातूरच्या कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांच्या शिक्षक-खोल्यांत चालू आहे. ही चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र ती नवीही नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक प्रायोगिक गणकयंत्र चालू झाले. त्या अनुभवावर उभारलेले मोठे यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याची स्मृती आरंभी अवघ्या १,०२४ शब्दांची होती. ते घडविणाऱ्या मोजक्या तरुणांपैकी रंगस्वामी नरसिंहन वगळता कोणी पूर्वी संगणक वापरलेलाही नव्हता.

हे यंत्र पूर्ण होईतो जगात ट्रान्झिस्टरची यंत्रे येऊ लागली होती. १९६४ मध्ये त्याच संस्थेत परदेशी बनावटीचा, कितीतरी वेगवान संगणक आला. मग टिफ्रॅकवरील खर्च वाया गेला काय? अर्थशास्त्राच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट आहे. यंत्र जुने झाले. परंतु ते घडविताना माणसांना जी विद्या आली ती जुनी झाली नाही. खरी भांडवली गुंतवणूक नळ्यांत नव्हती, माणसांत होती.

त्याच दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणण्याचे ठरविताच कर्मचारी संघटनांनी कडवा विरोध केला. स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सरकारला प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९७२ चा. बँकांत संघटना व व्यवस्थापन यांच्यात १९८३ मध्ये करार झाला, तेव्हा कोठे यांत्रिकीकरणाची वाट मोकळी झाली. या विरोधाला आज हसणे सोपे आहे. सुशिक्षित बेकारांच्या रांगा लागलेल्या देशात नोकरी जपू पाहणे हा काही मूर्खपणा नव्हे. दुर्दैव एवढेच की, यंत्राची विद्या प्रयोगशाळेत राहिली आणि भय तेवढे कचेरीत पोहोचले.

मराठवाडा या दोहोंपैकी भयाच्याच रांगेत उभा राहिला. आपल्याला पहिले विद्यापीठ १९५८ मध्ये मिळाले. नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ उभे राहण्यास १९९४ साल उजाडले. पुढे ‘लातूर पॅटर्न’ने परीक्षा जिंकण्याचे तंत्र सिद्ध केले, वैद्यकीय व अभियांत्रिकीची दारे आपल्या मुलांना उघडून दिली. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु उत्तर अचूक ओळखणे आणि प्रश्न स्वतः मांडून यंत्राकडून सोडवून घेणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरीसाठी आपल्या वेळापत्रकात किती तास आहेत?

आपल्या महाविद्यालयांनी निदान एवढे करावे. आपल्याच जिल्ह्याचे पाऊसमान, मोंढ्यातील तूर-सोयाबीनचे भाव विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत आणि त्यांच्याकडून त्यावर आज्ञावली लिहून घ्यावी. ती चुकू द्यावी, पुन्हा लिहू द्यावी. शिक्षकांनीही त्यांच्या शेजारी बसून शिकण्यात कमीपणा मानू नये. यंत्र येणारच आहे. आपण त्याच्यासमोर केवळ कळा दाबणारे म्हणून बसायचे की त्याला कामाला लावणारे म्हणून, याचा निर्णय मात्र अजून आपल्या हाती आहे.